हॅम्बर्गचे लघुरेल्वे विश्व : जिथे दिवस पंधरा मिनिटांचा असतो

जर्मनीतील हॅम्बर्ग बंदराच्या जुन्या गोदामांत ‘मिनिआटुअर वुंडरलांड’ हे लघुरेल्वेचे अद्भुत प्रदर्शन उभे आहे. जगातील सर्वांत मोठी लघुरेल्वे म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झालेली आहे. रोज हजारो प्रेक्षक येथे येतात. त्यांपैकी बहुतेकांची नजर धावत्या गाड्यांवर खिळते आणि त्या गाड्या नेमक्या कशा धावतात, हे पाहायचे राहून जाते. हे संग्रहालय कसे घडले, ते चालते कसे आणि ते पाहावे कसे, याचा हा परिचय.

गोदामांच्या नगरीत

हॅम्बर्ग शहराच्या मध्यभागी, एल्बे नदीच्या काठी, लाल विटांच्या उंच इमारतींची एक वसाहत आहे. तिचे नाव ‘श्पायशरश्टाट’, अर्थात गोदामांची नगरी. १८८३ साली तिच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि १८८८ साली सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. कॉफी, चहा, मसाल्याचे पदार्थ, गालिचे असा देशोदेशीचा माल येथे जकात न भरता साठवून ठेवता येत असे. प्रत्येक गोदामाला एका बाजूस कालवा आणि दुसऱ्या बाजूस रस्ता आहे. माल पाण्यावरून यायचा आणि रस्त्याने बाहेर पडायचा. २०१५ साली युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला.

मोठ्या पेट्यांतून मालाची वाहतूक सुरू झाल्यानंतर या गोदामांचे महत्त्व ओसरले. मात्र, भक्कम जमिनी, प्रशस्त मजले आणि भरपूर जागा हे त्यांचे गुण कायम राहिले. लघुरेल्वेला नेमके हेच हवे असते. त्यामुळे जिथे एकेकाळी मिरी आणि कॉफीची पोती रचली जात, तिथे आज आल्प्सचे डोंगर उभे आहेत.

दोन भावांचे वेड

फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन हे हॅम्बर्गमधील जुळे भाऊ. संग्रहालयाच्या कल्पनेपूर्वी ते शहरात एक डिस्कोथेक चालवीत. जुलै २००० मध्ये फ्रेडरिक स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात सुट्टीवर गेला असता, लघुरेल्वेचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात शिरला. लहानपणीचा छंद जागा झाला. जगातील सर्वांत मोठी लघुरेल्वे आपण उभारायची, हे त्याने तिथेच मनाशी ठरवले आणि त्याच दिवशी दूरध्वनीवरून भावाला गाठले. गेरिटला प्रथम ही थट्टा वाटली. फ्रेडरिकचे दूरध्वनी मात्र थांबेनात.

हट्टाला हिशेबाची जोड देण्यासाठी या भावांनी इंटरनेटवर एक पाहणी केली. हॅम्बर्गमधील काही खऱ्या आणि काही काल्पनिक प्रेक्षणीय स्थळांची यादी देऊन ‘यांपैकी काय पाहायला आवडेल’ असा प्रश्न लोकांना विचारला. पुरुषांच्या पसंतीत लघुरेल्वेला तिसरा क्रमांक मिळाला. स्त्रियांच्या पसंतीत ती सर्वांत तळाशी होती. केवळ रुळांवर फिरणाऱ्या गाड्या मांडून भागणार नाही, आगगाडीत रस नसलेल्या माणसालाही गुंतवून ठेवील असे काहीतरी तिच्याभोवती हवे, हा धडा त्यातून मिळाला. आज या मांडणीत गावे, जत्रा, मैफली, शेते आणि माणसांचे लहानमोठे प्रसंग एवढ्या संख्येने दिसतात, त्याचे मूळ येथे आहे.

बँकेने कर्ज दिले. डिसेंबर २००० मध्ये काम सुरू झाले आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी मध्य व दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि ‘क्नुफिंगेन’ नावाचे काल्पनिक शहर असे तीन विभाग लोकांसाठी खुले झाले. पुढील काळात विस्तार होत गेला. २००२ मध्ये हॅम्बर्ग व समुद्रकिनारा, २००३ मध्ये अमेरिका, २००५ मध्ये स्कँडिनेव्हिया, २००७ मध्ये स्वित्झर्लंड, २०११ मध्ये क्नुफिंगेनचा विमानतळ, २०१६ मध्ये इटली आणि २०१८ मध्ये व्हेनिस हे विभाग तयार झाले. जागा अपुरी पडू लागल्यावर कालव्यापलीकडचे गोदाम घेण्यात आले आणि दोन्ही इमारती पुलाने जोडण्यात आल्या. पलीकडच्या इमारतीत २०२१ साली रिओ दि जानेरो अवतरले. दक्षिण अमेरिकेचा हा भाग आर्जेन्टिनातील एका कलावंत कुटुंबाच्या सहकार्याने घडला आहे. २०२४ साली मोनॅको आणि फ्रान्सचा प्रोव्हान्स प्रांत यांची भर पडली.

लहान करणे म्हणजे काय?

संग्रहालयातील बहुतेक सारे काही मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे आहे. १:८७ हे प्रमाण ‘एच-शून्य’ या नावाने ओळखले जाते. प्रत्यक्ष लोहमार्गाच्या दोन रुळांतील प्रमाण अंतर १,४३५ मिलिमीटर असते. या प्रमाणात ते साडेसोळा मिलिमीटर होते. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला साधारण ३२ सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणूनच निष्णात मांडणीतील गाड्या खेळण्यातल्या गाड्यांसारख्या सुसाट पळत नाहीत. त्या संथ आणि वजनदार वाटतात.

या प्रमाणाला काही इतिहास आहे. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर चालणारी खेळण्यातील आगगाडी मांडली. मापे ठरल्यामुळे एकदा घेतलेल्या रुळांना पुढे नवे रूळ, सांधे आणि डबे जोडत जाणे शक्य झाले. खेळण्याचा छंद झाला तो येथून. त्या काळच्या गाड्या मोठ्या होत्या. १९३०च्या दशकात घरातील टेबलावर मावतील अशा निम्म्या आकाराच्या गाड्या आल्या आणि त्यातून आजचे ‘एच-शून्य’ प्रमाण रूढ झाले.

परंतु लहान करणे म्हणजे केवळ भागाकार नव्हे. हॅम्बर्ग ते बर्लिन हा लोहमार्ग सुमारे २८७ किलोमीटरचा आहे. १:८७ प्रमाणात तो ३.३ किलोमीटर भरेल. कोणत्याही इमारतीत तो मावणार नाही. मॅटरहॉर्न शिखराची उंची ४,४७८ मीटर आहे. त्याच प्रमाणात त्याची प्रतिकृती करायची, तर ती ५१ मीटरांहून उंच होईल. संग्रहालयातील मॅटरहॉर्न सुमारे सहा मीटरांचे आहे आणि त्यासाठीही दोन मजल्यांमधील जमीन कापावी लागली. थोडक्यात, गाडी, माणूस, घराचे दार हे काटेकोर प्रमाणात असतात. डोंगर आणि अंतरे मात्र आक्रसून घेतलेली असतात. काय प्रमाणात ठेवायचे आणि काय दाबून बसवायचे, याचा निवाडा हीच या कलेची खरी कसोटी आहे. तो चुकला की डोंगर ढिगाऱ्यासारखा दिसतो. तो साधला की सहा मीटरांच्या डोंगरापुढे प्रेक्षकाची मान आपोआप वर जाते.

गाड्या एकमेकींवर आदळत का नाहीत?

या मांडणीत सोळा किलोमीटरहून अधिक लांबीचे रूळ असून त्यांवर एक हजारांहून अधिक गाड्या आणि दहा हजारांहून अधिक डबे आहेत. माणसांच्या प्रतिमांची संख्या अडीच लाखांच्या वर आहे. एवढ्या गाड्या सकाळपासून रात्रीपर्यंत, एकमेकींचे मार्ग ओलांडत धावतात. हे घडते कसे?

उत्तर खऱ्या रेल्वेतच आहे. खरा लोहमार्ग अनेक खंडांत विभागलेला असतो आणि एका वेळी एका खंडात एकच गाडी, हा सुरक्षिततेचा मूळ नियम असतो. पुढचा खंड मोकळा झाल्याखेरीज सिग्नल हिरवा होत नाही. संग्रहालयातही रूळ अशाच खंडांत विभागलेले आहेत. कोणत्या खंडात गाडी आहे, याची वर्दी संगणकाला मिळते. पुढचा खंड रिकामा असेल तरच तो गाडीला पुढे सोडतो आणि सांधे त्याप्रमाणे बदलतो. प्रत्येक इंजिनात एक चिमुकले इलेक्ट्रॉनिक यंत्र असते व त्याला स्वतंत्र क्रमांक असतो. रुळांतून वीज सर्व इंजिनांना सारखीच मिळते. ‘अमुक क्रमांकाच्या इंजिनाने वेग कमी करावा’ हा संदेश मात्र त्याच रुळांतून जाऊन त्या एकाच इंजिनाला लागू होतो.

प्रेक्षकांना दिसते तेवढीच मांडणी नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. डोंगरांच्या पोटात आणि गावांच्या खाली दडलेली स्थानके असतात. बोगद्यात शिरलेली गाडी तिथे जाऊन थांबते आणि तिच्या जागी दुसरीच गाडी बाहेर पडते. तीच ती गाडी फिरून येत आहे, असे न वाटता दूरवरून नवनवीन गाड्या येत आहेत असा भास होतो, तो यामुळे. संग्रहालयाच्या मध्यवर्ती नियंत्रण कक्षात पडद्यांच्या रांगांसमोर बसलेले कर्मचारी प्रेक्षकांना उघडपणे दिसतात. गाडी रुळांवरून घसरली, डबा सुटला, की त्यांची धावपळ सुरू होते. अपघात लपवले जात नाहीत. जिथे खरोखरीच काही चालते, तिथे काही बिघडणारच, हे प्रेक्षक समजून घेतात.

सर्वांत मोठा शत्रू आहे धूळ. इंजिनाला वीज मिळते ती चाक आणि रूळ यांच्या स्पर्शातून. त्या स्पर्शाच्या जागी धुळीचा पातळ थर बसला तरी इंजिन अडखळते. हजारो माणसांचे कपडे आणि पावले रोज नवी धूळ घेऊन येतात. त्यामुळे रूळ पुसणे, चाके साफ करणे, इवल्या छपरांवरील धूळ काढणे हे काम कधीच संपत नाही. बांधून पूर्ण झाले आणि मग नुसते पाहायचे, असे या संग्रहालयाचे स्वरूप नाही. ते रोज नव्याने चालू ठेवावे लागते.

रस्ते, पाणी आणि आकाश

रस्त्यांवरून मोटारीही धावतात, पण त्यांना रूळ नाहीत. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली एक तार पुरलेली असते आणि मोटारीच्या पुढच्या चाकांजवळील लोहचुंबक त्या तारेचा माग काढतो. मोटारीत विजेची बॅटरी असते. ती उतरत आली की मोटार स्वतःहून चार्जिंगच्या जागी जाते. क्नुफिंगेन शहरात अधूनमधून आगीची वर्दी येते आणि निळे दिवे लुकलुकवीत बंबांची रांग निघते. इतर मोटारी बाजूला थांबतात. मुलांची सर्वाधिक गर्दी येथेच असते.

स्कँडिनेव्हिया विभागात सुमारे ३० हजार लिटर खरे पाणी आहे. त्यावर जहाजे चालतात आणि भरती-ओहोटीप्रमाणे पाण्याची पातळी वरखाली होते. इटलीच्या विभागात व्हेसुव्हियस ज्वालामुखी जागा होतो. मोनॅकोच्या शर्यतीतील मोटारींसाठी तारेचे तंत्र पुरेसे नव्हते. त्यांना एकमेकींना मागे टाकता यावे म्हणून रस्त्याखालील विद्युतफलकांतून चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्याची नवी पद्धत विकसित करण्यात आली. त्यासाठी कित्येक वर्षे खर्ची पडली.

तंत्रदृष्ट्या सर्वांत धाडसी विभाग म्हणजे विमानतळ. हॅम्बर्गच्या विमानतळावरून स्फूर्ती घेऊन तो बांधला आहे. सुमारे सहा वर्षांचे काम आणि ३५ लाख युरो एवढा खर्च झाल्यावर ४ मे २०११ रोजी त्याचे उद्घाटन झाले. विमाने आपापल्या फलाटावरून निघतात, धावपट्टीच्या टोकाशी येऊन थांबतात, वेग घेतात आणि बारीक दांड्यांच्या आधाराने उचलली जाऊन भिंतीआड नाहीशी होतात. तेथे ती साठवली जातात आणि वेळापत्रकानुसार पुन्हा उतरतात. कधीकधी प्रवासी विमानाऐवजी ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील अंतराळयान उतरते आणि बेसावध प्रेक्षकांत हशा पिकतो.

हॅम्बर्गच्या विभागात एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाची प्रतिकृती आहे. ती मधोमध उघडते आणि आतील वाद्यवृंद दिसू लागतो. या प्रतिकृतीची एक गंमत आहे. मूळ इमारतीचे काम रखडत गेले आणि तिचे उद्घाटन जानेवारी २०१७ मध्ये झाले. संग्रहालयातील संगीतगृह मात्र २०१३ सालीच तयार झाले होते. नक्कल अस्सलाच्या आधी पूर्ण झाल्याचे असे उदाहरण विरळा.

रात्र होते तेव्हा

दर पंधरा मिनिटांनी या विश्वात एक दिवस पूर्ण होतो. दालनातील प्रकाश मंद होत जातो, आकाश निळसर, मग काळसर होते. घरांच्या खिडक्यांत दिवे लागू लागतात, पण सगळे एकदम नव्हे. आधी एखादी खिडकी, मग शेजारची, मग रस्त्यावरचे दिवे, मग गाडीच्या डब्यांतील उजेड. काही वेळाने पुन्हा पहाट होते.

आलेला प्रेक्षक साधारणपणे पुढे सरकत राहतो. विभाग अनेक आहेत, वेळ मोजका आहे, आणि सर्व काही पाहून घेतलेच पाहिजे ही घाई असते. दोन तासांत आठ देश ‘करून’ बाहेर पडणाऱ्याच्या लक्षात राहते ती गर्दी आणि आकड्यांची यादी. याउलट, एखादे गाव निवडून तिथे पूर्ण पंधरा मिनिटे उभे राहिले, तर वेगळेच काही हाती लागते. दिवसा जे निव्वळ घर होते, त्याच्या आतला माणूस रात्री दिसतो. फलाटावर एकटी उभी असलेली व्यक्ती, अंगणात वाळत घातलेले कपडे, अमेरिकेच्या वाळवंटात लष्करी कुंपणाआड दडवलेले परग्रहवासी, स्वित्झर्लंडमधील खुल्या मैफलीला जमलेले हजारो श्रोते हे सारे सावकाश उलगडते. कारागिरांनी या प्रसंगांवर तास घालवले आहेत. ते क्षणभरात दिसावेत, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे.

ठिकठिकाणी बसवलेली बटणे हे आणखी एक वैशिष्ट्य. बटण दाबले की एखादे यंत्र फिरू लागते, एखादे दार उघडते. स्वित्झर्लंडच्या विभागातील चॉकलेटच्या छोट्या कारखान्यातून तर खरेखुरे चॉकलेट बाहेर येते.

आकड्यांपलीकडे

२००९ साली जर्मनीत निवडणुका होत्या. तेव्हा संग्रहालयाने देशातील प्रमुख राजकीय पक्षांना प्रत्येकी एक चौरस मीटर जागा दिली आणि त्यांच्या मनातील आदर्श जर्मनी त्यात मांडण्यास सांगितले. भाषणांतून ऐकू येणारी आश्वासने सत्त्याऐंशीव्या भागाएवढी होऊन लोकांसमोर आली. जानेवारी महिन्यात, ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांना विनामूल्य प्रवेश देण्याचा पायंडाही येथे पडला आहे. तिकीट खिडकीवर तसे सांगणे पुरेसे असते, पुरावा मागितला जात नाही.

महासाथीच्या काळात दारे बंद होती, तेव्हाही गाड्या थांबल्या नाहीत. २०२१ साली रुळांलगत पाण्याने भरलेले पेले ओळीने मांडून, धावत्या गाडीने त्यांवर आघात करीत २,८४० स्वरांची सुरावट वाजवण्याचा विक्रम करण्यात आला. अभिजात संगीतातील वीस रचना त्यात गुंफल्या होत्या. समोर प्रेक्षक नसताना केलेले हे काम पाहिले, की या संस्थेचा पाया व्यवसायाइतकाच छंदावरही उभा आहे, याची खात्री पटते.

भेट देताना

हॅम्बर्गच्या भुयारी रेल्वेच्या तिसऱ्या मार्गावरील ‘बाउमवाल’ स्थानकावरून संग्रहालय पायी थोड्या अंतरावर आहे. ते सहसा आठवड्याच्या सर्व दिवशी खुले असते. मात्र, वेळा दिवसागणिक बदलतात, तेव्हा त्या आधी पाहून घ्याव्यात. प्रवेशाची वेळ ठरवून तिकीट आगाऊ काढणे केव्हाही श्रेयस्कर. शनिवार-रविवार, शाळांच्या सुट्ट्या आणि पावसाचे दिवस या काळात दुपारी मोठी गर्दी होते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा गेल्यास निवांतपणा मिळतो.

किमान तीन ते चार तास हाताशी ठेवावेत. वेळ त्याहून कमी असेल, तर विमानतळ, स्कँडिनेव्हिया आणि स्वित्झर्लंड हे तीन विभाग निवडावेत आणि उरलेले निश्चिंतपणे सोडून द्यावेत. तंत्राची आवड असणाऱ्यांनी पडद्यामागील भागाची मार्गदर्शित सहल आधी नोंदवावी. दडलेली स्थानके आणि यंत्रणा त्या सहलीतच जवळून पाहता येतात. लहान मुले बरोबर असल्यास बटणांवरील त्यांचा हक्क मान्य करावा, परंतु मांडणीला हात लागणार नाही याची दक्षता घ्यावी. काचेचा अडसर बहुतेक ठिकाणी नाही, हा संस्थेने प्रेक्षकांवर टाकलेला विश्वास आहे.

ज्यांना हॅम्बर्गला जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. त्याचा पसारा एका दालनापुरता आहे. परंतु सिग्नल, सांधे, बोगदे, गावातली सर्कस आणि दिवसाची होणारी रात्र हे सारे तिथेही आहे. आकाराने दोहोंची तुलना होऊ शकत नाही. छंदाच्या जातकुळीने मात्र दोन्ही एकच आहेत. तेथेही नियम तोच : घाई करू नये, आणि दिवे लागेपर्यंत थांबावे.